शटर दाबल्यावर तिथंच थांबा

जपानमध्ये मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो तुम्हाला कधीच बघायला मिळणार नाही. कोल्हापुरातल्या माझ्या घरी कपाटात एक हार्डडिस्क आहे. तो तिच्यात आहे, आणि तिथंच राहणार आहे.

५ नोव्हेंबर २०२३ची रात्र. हानशिन टायगर्स हा ओसाकाकरांचा जीव की प्राण असलेला बेसबॉल संघ त्या रात्री जपान सिरीज जिंकला. याआधी जिंकला होता तो १९८५ साली. मधे ३८ वर्षं गेली. माझी मुलगी ओसाकात नोकरी करते, तिच्याकडे मी तीन महिन्यांसाठी गेलो होतो. "बाबा, आज कॅमेरा घेतल्याशिवाय बाहेर पडू नका," एवढंच ती म्हणाली. दोतोनबोरीच्या कालव्याकडे जाणारे रस्ते माणसांनी तुंबले होते. जिकडेतिकडे पिवळ्या-काळ्या जर्सी, गाणी, आरोळ्या, आणि पुलाशी पोलिसांचा बंदोबस्त. आम्ही बाजूच्या गल्लीत शिरलो.

तिथं एका लहानशा खानावळीच्या दारात, स्टुलावर, सत्तरी ओलांडलेले एक आजोबा बसले होते. अंगात संघाची जर्सी, मांडीवर पालथी धरलेली फोटोफ्रेम, आणि डोळ्यांतून पाणी. ते पुसत नव्हते. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी थरथरत होती, आणि त्याच वेळी भुवया वर गेल्या होत्या, लहान पोराला अचानक काही दिलं की जातात तशा. आतल्या टीव्हीचा निळा उजेड एका गालावर, दारातल्या कागदी कंदिलाचा तांबूस उजेड दुसऱ्या गालावर. मी दोन मीटरवर होतो. ३५ मिलिमीटरची लेन्स, शटर १२५वर. एकच क्लिक केला.

त्यांनी वर बघितलं.

तीस वर्षं वर्तमानपत्रात फोटो काढलेल्या माणसाचे पाय अशा वेळी आपोआप वळतात. फ्रेम मिळाली, चला पुढं. त्या रात्री मी वळलो नाही. कॅमेरा खाली घेतला, मान लववली आणि मागचा स्क्रीन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग मांडीवरची फ्रेम सुलटी केली. आत एका बाईंचा फोटो होता. ते काय बोलले ते मुलीनं सांगितलं. ही माझी बायको. ८५ साली आम्ही दोघांनी शेजारी बसून बघितलं होतं. यंदाचं बघायला ती नाही, म्हणून तिला घेऊन आलो. आता आमचा दोघांचा काढा.

मी काढला. त्यात ते ताठ बसलेत, फ्रेम छातीशी सरळ धरली आहे, हसताहेत. मग चेहऱ्यासमोर एक हात उभा धरून, विनवणी करताना जपानी माणसं धरतात तसा, ते म्हणाले, तो आधीचा मात्र कुणाला दाखवू नका.

मी शब्द दिला.

दुसरा फोटो चांगला आहे, पण तो कुणीही काढला असता. पहिला माझ्या हातून पुन्हा होणार नाही. तरी मला दोन्ही गोष्टी मनापासून वाटतात. तो फोटो न विचारता काढला हे बरोबर केलं, आणि तो कुणाला दाखवत नाही हेही बरोबर करतोय. या दोन्हींचा मेळ कसा बसतो तेच मला इथं सांगायचं आहे. कारण आज एका बाजूला रस्त्यावरचा चेहरा म्हणजे फुकटचा माल समजून ओरबाडणारे आहेत, आणि दुसऱ्या बाजूला अनोळखी माणसाकडं कॅमेरा वळवणं हाच गुन्हा मानणारे आहेत. दोघांच्या मधे एक फार जुनी आणि माणसाच्या कामाची कला चिरडली जाते आहे.

आधी चेहऱ्यांबद्दल. जपानी माणसाच्या तोंडावर काही दिसत नाही, असा आपल्याकडं पक्का समज आहे. ओसाकाच्या लूप लाइनवर सकाळी आठच्या गाडीत बसलात तर तो खराही वाटेल. सगळे चेहरे मिटलेले, नजर फोनवर नाहीतर बुटांवर. पण त्याच लाइनवर शिन-इमामिया स्टेशनला उतरा आणि उत्तरेला शिनसेकाईत चालत जा. तिथं जानजान योकोचो नावाची छप्पर घातलेली अरुंद गल्ली आहे. काडीला टोचून तळलेल्या कुशिकात्सूचा वास, आणि मधेच शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ खेळायची एक जागा. तिला रस्त्याच्या बाजूनं मोठी काच आहे. आत म्हातारे खेळतात, बाहेर येणारे-जाणारे थांबून बघतात.

त्या काचेबाहेर मी किती दुपारी घालवल्या असतील, मोजदाद नाही. शोगीत समोरच्याची मारलेली सोंगटी आपली होते आणि ती आपण पुन्हा पटावर उतरवू शकतो. त्यामुळं काही मेलं म्हणून विषय संपत नाही, आणि हे सगळं खेळणाऱ्याच्या तोंडावर दिसतं. एक गृहस्थ खेळी करण्याआधी गाल आतून जिभेनं ढकलायचे. सोंगटी टक्कन पटावर आपटली की गाल सपाट. समोरचा हरायला लागला की कानाची पाळी ओढायचा. बाहेर उभे असलेले म्हातारे काचेवर नाक टेकवून त्याच्यापेक्षा जास्त हळहळायचे. कुठला कोरा चेहरा? कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर बसलेली माणसं आणि ही माणसं यांच्यात मला बोलीशिवाय काही फरक दिसला नाही.

तेनजिनबाशी-सुजी हा २.६ किलोमीटर लांबीचा, छताखालचा बाजार चालून बघा. बिबट्याच्या कातड्याची नक्षी असलेले कपडे घालणाऱ्या ओसाकाच्या ओबाचान, म्हणजे मावश्या, सगळ्या जपानात प्रसिद्ध आहेत. त्यांच्या पिशवीत कायम लिमलेटच्या गोळ्या असतात, आणि गोळीलाही त्या लाडानं 'आमेचान' म्हणतात. त्यांच्यातल्या एकीचा मी फोटो काढला. भाजीवाल्याशी हुज्जत घालतानाचा होता. थांबलो, दाखवला. तिनं स्वतःकडं बघून तोंडावर हात घेतला, शेजारणीला बोलावून दाखवलं, दोघी खिदळल्या, आणि माझ्या मुठीत एक आमेचान आली.

सगळ्याच अशा भेटत नाहीत, आणि भेटाव्यात अशी अपेक्षाही नको. कुरोमोन बाजारात मासे कापणारी एक बाई होती. कामावरच्या पोराला ती झापत होती, आणि तिचा चेहरा त्या क्षणी इतका जिवंत होता की मी कॅमेरा डोळ्याला लावला. "आकान, आकान!" तिनं नाकासमोर पंजा हलवला. ओसाकाच्या बोलीत आकान म्हणजे नाही, चालायचं नाही. मी कॅमेरा खाली घेतला. पुढं दोन-तीनदा त्या दुकानावरून गेलो, मान लववून पुढं गेलो. तिचा फोटो माझ्याकडं नाही.

यावरून माझ्या एक लक्षात आलं. चेहरा उघडा होतो तो माणूस आपल्या जागी, आपल्या माणसांत असतो तेव्हा. गाडीत मिटलेला चेहरा बाजारात उमलतो, कारण तिथं त्याला घरच्यासारखं वाटतं. म्हणजे रस्त्यावर चेहरे टिपणारा फोटोग्राफर हा दार नसलेल्या घरात शिरलेला पाहुणा आहे. दार नाही म्हणून आत यायला हरकत नाही. पण पाहुण्याची रीत त्यानं सोडायची नाही.

जपानचे हे उघडे चेहरे टिकले ते न विचारता फोटो काढणाऱ्यांमुळं, हे आधी प्रांजळपणे मान्य करायला हवं. इहेइ किमुरा (१९०१–१९७४) लायका कॅमेरा घेऊन टोकियोच्या जुन्या वस्त्यांत फिरायचे. केन दोमोन (१९०९–१९९०) यांनी युद्धानंतरच्या काळात हौशी फोटोग्राफरांच्या एका अख्ख्या पिढीला शिकवलं, की काही मांडू नका, सजवू नका, समोर आहे ते आहे तसं टिपा. १९६० साली त्यांनी चिकुहो या कोळसा खाणींच्या भागातल्या मुलांचं पुस्तक काढलं. खाणी बंद पडत होत्या, बापांची कामं गेली होती. पुस्तक खरखरीत कागदावर छापलं आणि किंमत ठेवली १०० येन, गरिबालाही विकत घेता यावं म्हणून. तिकडं ओसाकात सेइर्यू इनोउए यांनी कामागासाकी या रोजंदारीवरच्या मजुरांच्या वस्तीत फोटो काढले. ते ज्या स्टुडिओत होते तिथंच उमेदवारी करणारा एक तरुण त्यांचं काम बघत होता. तो दाइदो मोरियामा, ओसाकाजवळच्या इकेदात १९३८ साली जन्मलेला. पुढं टोकियोतल्या शिनजुकूच्या रस्त्यांवर छोट्या कॅमेऱ्यानं काढलेले त्याचे तिरपे, खरबरीत फोटो जगभर गेले.

या माणसांनी आधी परवानगीचा कागद पुढं केला असता तर चिकुहोच्या मुलांचे चेहरे आज कुणाला माहीत असते? विचारलं की चेहरा बदलतो. माणूस केस सारखे करतो, पोट आत घेतो, हसतो. त्या आजोबांचा दुसरा फोटो हा त्याचाच पुरावा आहे. म्हणून 'आधी विचारा' हा नियम मला मान्य नाही. त्यानं उरतात ते फक्त दाखवण्यासाठी केलेले चेहरे.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच खरी आहे. आपला चेहरा आपला आहे, हा हक्क जपानमध्ये कुणी आयता दिलेला नाही, त्यासाठी माणसं भांडली आहेत. १९६२ साली क्योतोत विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला. पोलिसांनी मोर्चाचे फोटो काढले, त्यावरून एका विद्यार्थ्याची पोलिसाशी झटापट झाली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २४ डिसेंबर १९६९ला निकाल लागला. त्या प्रसंगात फोटो काढणं पोलिसांना माफ ठरलं. पण न्यायालयानं राज्यघटनेच्या तेराव्या कलमाचा आधार घेऊन हेही सांगितलं, की संमतीशिवाय कुणी आपला चेहरा, आपली छबी वाटेल तशी टिपू नये, हे प्रत्येकाचं स्वातंत्र्य आहे.

शिन-इमामिया स्टेशनाच्या दक्षिणेला तेच कामागासाकी आहे, जिथं इनोउए फोटो काढायचे. तिथं पोलिसांनी खांबांवर कॅमेरे लावले. रहिवासी न्यायालयात गेले. १९९४ साली ओसाका जिल्हा न्यायालयानं पंधरा कॅमेऱ्यांपैकी एक, मजुरांच्या संघटनेच्या जागेवर रोखलेला, काढून टाकायला लावला. मग २००५ साली टोकियोत एक वेगळा निकाल आला. गिन्झाच्या रस्त्यानं चाललेल्या एका महिलेचा फोटो तिच्या नकळत काढून, रस्त्यावरची फॅशन म्हणून इंटरनेटवर टाकला गेला. लोकांनी तिच्या कपड्यांवरून तिच्याबद्दल घाण लिहिलं. न्यायालय म्हणालं, रस्ता सार्वजनिक असला तरी चेहरा तिचा आहे. तिला भरपाई मिळाली.

छबीच्या हक्काचा असा वेगळा कायदा जपानमध्ये नाही, तो न्यायालयांनी निकालांतून घडवला आहे. कुठं काढला, कसा काढला, कशासाठी, गरज होती का, आणि समोरच्यानं किती सोसावं, हे सगळं ते तोलून बघतात. लोकांनी तर त्याच्याही पुढं पाऊल टाकलं आहे. तिथं विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही. हा कायदा नाही, चोरून फोटो काढले जाऊ नयेत म्हणून कंपन्यांनीच घातलेला दंडक आहे. क्लिक झालं की समोरच्याला ते कळलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट.

हे निकाल मी पुन्हा पुन्हा वाचले तेव्हा मला त्यांच्यात एक धागा दिसला. मोर्चातला पोलीस, खांबावरचा कॅमेरा, गिन्झात फोटो काढून नाहीसा झालेला माणूस. तिन्ही ठिकाणी बघणारा होता, पण त्याला उलट काही विचारायची, नाही म्हणायची सोय नव्हती. माणसाला आपल्याकडं बघितल्याचा राग येत नाही. ज्या कॅमेऱ्यामागं चेहरा नाही, त्याचा येतो. म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: चेहरा घ्यायचा असेल तर त्याच्या बदल्यात आपला चेहरा द्यायला लागतो. शटर दाबल्यावर तिथंच थांबायला लागतं.

२०२० सालच्या फेब्रुवारीत फुजीफिल्म कंपनीनं नव्या कॅमेऱ्याच्या जाहिरातीसाठी एक व्हिडिओ काढला. त्यात एक नावाजलेला फोटोग्राफर टोकियोतल्या शिबुयाच्या गर्दीत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाजवळ कॅमेरा नेऊन झपाट्यानं फोटो काढताना दिसतो. माणसं दचकतात, हातानं तोंड झाकतात, तोवर तो पुढं गेलेला असतो. जपानमध्ये एवढी टीका झाली की कंपनीला व्हिडिओ काढून घ्यावा लागला. त्या माणसाचे फोटो चांगले आहेत, हे मी व्यवसायातला म्हणून सांगतो. तरी टीका करणारे बरोबर होते. त्यांना खटकला तो त्याचा न थांबता पुढं जाण्याचा वेग.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला हिरोओ किकाई. यामागाता प्रांतात जन्मलेले, तत्त्वज्ञान शिकलेले, पोटासाठी ट्रक चालवलेले, ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर राबलेले. १९७३पासून ते टोकियोच्या असाकुसात सेनसोजी मंदिराच्या लाल भिंतीशी हॅसलब्लाड कॅमेरा घेऊन उभे राहायचे. तासन्‌तास गर्दी बघायची, एखादा चेहरा आतून हलवून गेला की जवळ जाऊन विचारायचं, गप्पा मारायच्या, साध्या भिंतीपुढं उभं करायचं. कित्येक दिवस एकही फोटो न काढता घरी जायचे. काही माणसांना त्यांनी वर्षांनी पुन्हा गाठून पुन्हा टिपलं. २००३ साली त्यांचं 'पर्सोना' हे पुस्तक आलं, आणि पुढच्या वर्षी त्याला पुरस्कार मिळाला तो दोमोन यांच्याच नावाचा. ते भारतातही अनेकदा आले, 'इंडिया' नावाचं पुस्तक १९९२ साली काढलं. २०२०मध्ये ते गेले.

किकाई विचारून काढत, दोमोन न विचारता. पद्धती उलट्या, पण दोघंही थांबणारे. दोमोन चिकुहोत जाऊन राहिले होते, त्या मुलांच्या घरात बसले होते. त्यामुळं ती मुलं फोटोत फक्त 'गरीब मूल' अशी दिसत नाहीत, एकेक वेगळं माणूस म्हणून दिसतात. विचारणं आधी की नंतर, यावर वाद घालता येईल. थांबण्यावर वाद नाही.

मला हे शहाणपण ओसाकात सुचलं असं नाही. ते मला ऑगस्ट २०१९च्या पुरानं शिकवलं, आणि उशिरा शिकवलं. कोल्हापूरजवळच्या एका शाळेत पूरग्रस्तांची छावणी होती. एका बाईची जनावरं दावणीलाच बुडाली होती. ती भिंतीशी बसून ऊर बडवत होती. मी फोटो काढला, गाडीत बसलो, दहा मिनिटांत ऑफिसला पाठवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आला. शाबासकी मिळाली, नंतर त्याला बक्षीसही मिळालं. वर्षभरानं ती बाई मला बाजारात भेटली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. "दादा, त्यो फोटू तुमीच काढल्याला न्हवं का? माझ्या लेकीच्या सासरी अजून दावत्यात, बघ तुझी आई पेपरात कशी बोंबलत हुती म्हणून. एक डाव इचारायचं तरी हुतं मला." तिचा आवाज चढला नाही. भाजीची पिशवी उचलून ती निघून गेली, आणि मी तिथं उभा राहिलो, वर्षभर उशिरा.

पुराचे फोटो छापायलाच हवे होते, यात मला आजही शंका नाही. सरकारला आणि शहरांना ते दुःख दिसणं गरजेचं होतं. पण गाडीत बसण्याआधी पाच मिनिटं माझ्याकडं होती. तिच्याजवळ बसून सांगता आलं असतं, की ताई, हा फोटो उद्या पेपरात येईल, चालेल का? कदाचित ती हो म्हणाली असती. कदाचित म्हणाली असती की तोंड दिसू देऊ नका, गोठा दाखवा. ती पाच मिनिटं मी दिली नाहीत. ओसाकातल्या आजोबांपुढं माझे पाय वळले नाहीत ते त्या बाईमुळं.

यावर माझ्याच व्यवसायातले मित्र विचारतात, हजारोंच्या गर्दीत कुणाकुणापुढं थांबायचं? त्याचं उत्तर अवघड नाही. गर्दीचा फोटो असेल तर तो गर्दीचाच आहे. पण ज्या फोटोत एका माणसाचा चेहरा हाच विषय आहे, त्या एका माणसापुढं थांबता येतं. दुसरा प्रश्न भाषेचा. मला जपानी येत नाही. 'सुमिमासेन' म्हणजे माफ करा, आणि 'शाशिन, ई देस्का' म्हणजे फोटो चालेल का, एवढ्यावर माझे तीन महिने निघाले. बाकीचं काम खाली घेतलेला कॅमेरा आणि वळवलेला स्क्रीन करतो. तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: असं केलं तर चांगले फोटो हातचे जातील. जातील. माझा सगळ्यात चांगला गेला. पण उरलेले फोटो मी कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवून दाखवू शकतो.

उलट भीतीनं हात आखडणाऱ्यांनाही मला सांगायचं आहे. जपानच्या टीव्हीवर रस्त्यावरून जाणाऱ्यांचे चेहरे सर्रास धूसर केलेले दिसतात. तरुण फोटोग्राफर पाठमोरी माणसं, छत्र्या, सावल्या, काचेतली प्रतिबिंबं टिपताहेत. ते सुंदर असतं. पण पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की आपल्या काळातली माणसं हसताना, रागावताना, हरताना कशी दिसायची, तर आपण त्यांना छत्र्या दाखवणार आहोत का? चेहरे टिपणं थांबता कामा नये.

म्हणून मी स्वतःला घालून घेतलेले नियम सांगतो. जवळून काढायचा. समोरचा आपल्याशी बोलू शकेल इतक्या अंतरावर उभं राहायचं. रस्त्यापलीकडून लांब लेन्सनं काढलेला चेहरा म्हणजे खांबावरचा कॅमेराच. जो उत्तर देऊ शकत नाही, त्याचा काढायचा नाही. शेवटची गाडी चुकून फुटपाथवर झोपलेले, दारूनं शुद्ध हरपलेले नोकरदार हा जपानला जाणाऱ्या परदेशी माणसांचा आवडता विषय झाला आहे. तो माणूस दिवसभर राबलेला असतो आणि सकाळी त्याला पुन्हा टाय बांधून जायचं असतं. लहान पोर असेल तर आई-बापाला दाखवल्याशिवाय ठेवायचा नाही. नाही म्हटलं की नाही, तिथं मखलाशी करायची नाही. आणि त्याच रात्री इंटरनेटवर टाकायचा नाही. एकदा तिथं गेलेला चेहरा परत आणता येत नाही, हे गिन्झातल्या त्या महिलेनं भोगलं आहे.

आपल्याकडून जपानला जाणारे पर्यटक वाढलेत. चेरीच्या मोसमात क्योतोत मराठी कानावर पडतं. तिथल्या गिओन भागात माइकोंच्या, म्हणजे गेइशा होण्यासाठी शिकणाऱ्या मुलींच्या मागं कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांमुळं रहिवाशांनी २०१९ साली खासगी गल्ल्यांत फोटोबंदी केली, दहा हजार येन दंडाच्या पाट्या लावल्या. २०२४मध्ये काही गल्ल्या पर्यटकांना बंदच झाल्या. ती दंडाची पाटी वाचताना मला लाज वाटली, कारण वारीत फुगडी घालणाऱ्या आजीच्या तोंडाशी पाच-पाच कॅमेरे भिडलेले मी बघितलेत, आणि त्यांतला एक अनेक वर्षं माझा होता.

संपादकांकडं माझी एक मागणी आहे. फोटोखाली नाव बिनचूक असावं म्हणून आपण फोटोग्राफरला खोदून विचारतो. तसंच हेही विचारा, की या माणसाला कळलं आहे का? तू थांबला होतास का? आणि थांबण्यासाठी लागणारी पाच मिनिटं त्याला द्या. स्ट्रीट फोटोग्राफीच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी प्रवेशिकेत लेन्स आणि शटरच्या जोडीला एक रकाना वाढवावा: फोटो काढल्यावर काय झालं?

निघायच्या आदल्या दिवशी मी कोम्बिनीतल्या, म्हणजे तिथल्या रात्रंदिवस उघड्या दुकानातल्या मशीनवर प्रिंट काढल्या आणि पाकिटात घालून शिनसेकाईत गेलो. गाल जिभेनं ढकलणारे गृहस्थ नेहमीच्या जागी होते. मी काचेवर टिचकी मारली, प्रिंट दाखवली. ते डाव सोडून बाहेर आले. फोटो हातात घेऊन त्यांनी तो आधी लांब धरला, मग चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळ. मग फोटोतल्यासारखाच गाल जिभेनं ढकलून बघितला, जणू आपण खरंच असं करतो का ते तपासत होते. "ओकिनी," ते म्हणाले. म्हणजे आभारी आहे. प्रिंट शर्टाच्या खिशात ठेवली आणि आत गेले. समोरचा खेळाडू खोळंबला होता.